लिंबू कुठे चालतं, कुठे नाही

अर्धं लिंबू मिठात बुडवून तांब्याच्या कळशीवर घासलं, की दोन मिनिटांत कळशी लख्ख होते. तेच लिंबू कडाप्प्याच्या ओट्यावर रात्रभर पडून राहिलं, तर सकाळी तिथे पांढरट डाग उमटलेला असतो आणि पॉलिश केल्याशिवाय तो जात नाही. लिंबू तेच, रसही तोच. फरक आहे तो समोरच्या वस्तूत. घरगुती युक्त्या सांगताना आपण ‘अमुक घ्या, तमुक लावा’ एवढंच सांगतो. ते का लावायचं हे सांगायचं राहून जातं. मग युक्ती चुकीच्या जागी वापरली जाते आणि वस्तू खराब होते. खरं तर घरातल्या बहुतेक युक्त्यांमागे चार-पाचच कारणं आहेत. ती एकदा समजली, की नवी युक्ती ऐकल्याबरोबर ती चालेल की नाही याचा अंदाज आपला आपल्यालाच येतो.

सुरुवात आंबटापासून करू. लिंबात सायट्रिक ॲसिड असतं, चिंचेत टार्टारिक, व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसेटिक. आमसूल, ताक, कैरीची साल ही सगळी याच कुटुंबातली. तांब्यावर काळपटपणा येतो तो हवेतल्या ऑक्सिजनशी तांब्याचा संयोग होऊन. हा थर पाण्यात विरघळत नाही, आम्लात विरघळतो. बरोबर मीठ घेतलं तर काम आणखी लवकर होतं, कारण मिठातलं क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून ठेवतं आणि मिठाचे खडे घासायलाही उपयोगी पडतात. आमटीतून काढलेली आमसुलं टाकून न देता कोकणात बायका त्यांनीच देवाची उपकरणी घासतात. एक पैसाही खर्च नाही, आणि काम बाजारातल्या पावडरीइतकंच चोख.

इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे घासून झाल्यावर भांडं भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसायचं. आंबटाचा अंश राहिला तर भांडं दुसऱ्याच दिवशी मंद पडतं, पुढे त्यावर हिरवा कळंक चढतो. दुसरी गोष्ट पितळेची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. समई चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेवली, तर आम्ल आधी जस्त ओढून घेतं आणि समई जागोजागी तांबूस दिसू लागते. म्हणून पितळेला चिंच लावायची, घासायचं आणि पाच-दहा मिनिटांत धुऊन टाकायचं. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते ती याच कारणाने: आंबटपणा धातू सोडवून अन्नात आणतो. कल्हई म्हणजे या दोघांच्या मधे घातलेला कथिलाचा पातळ पडदा.

आता ओट्याकडे येऊ. कडाप्पा, शहाबादी फरशी, कोटा हे चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवरही त्याच रसायनाचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. आम्ल पडलं की हा दगड अक्षरशः विरघळतो आणि त्याची चकाकी जाते. ग्रॅनाइटला घरातल्या लिंबाचिंचेने सहसा काही होत नाही. आपला ओटा कशाचा आहे हे माहीत नसेल, तर कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी लिंबाचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसून पाहावा.

मात्र जो गुण ओट्याला मारक, तोच नळाच्या आणि किटलीच्या उपयोगी पडतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोही कॅल्शियम कार्बोनेटच. जमिनीतून मुरताना पाणी खडकातले क्षार बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून घेतं. तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट मागे राहतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कडकपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ३०० मिलिग्रॅम कडकपणाच्या १०० लिटर पाण्यात ३० ग्रॅम क्षार झाले. ते सगळे खाली बसत नाहीत हे खरं, पण चार माणसांच्या घरात रोज किती पाणी तापतं ते पाहिलं तर गिझरची कॉइल वर्ष-दोन वर्षांत का पांढरी पडते ते लक्षात येतं.

किटलीसाठी वाण्याकडे मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिडच, आणावं. लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे टाकून उकळी आणावी आणि अर्धा तास तसंच राहू द्यावं. थर बुडबुडे सोडत सुटतो. नंतर साधं पाणी एकदा उकळून फेकलं की किटली वापरायला तयार. शॉवरची भोकं बुजली असतील तर व्हिनेगरने भरलेली प्लास्टिकची पिशवी शॉवरला रबरबँडने बांधून तासभर ठेवावी. शॉवर काढायचीही गरज पडत नाही.

कुकरमध्ये पाण्यात लिंबाची पिळलेली साल टाकायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो तो पाण्यातल्या क्षारांमुळे आणि धातूवर जमणाऱ्या ऑक्साइडच्या थरामुळे. सालीतलं उरलंसुरलं आम्ल हा थर जमू देत नाही. काळा झालेला कुकर चिंचेचं पाणी उकळून पुन्हा पांढरा करता येतो. पण म्हणून ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट आमटी किंवा कढी करून रात्रभर ठेवू नये. तिथे तेच आम्ल धातू अन्नात उतरवतं.

आंबटाच्या समोर उभा आहे सोडा. त्याचे दोन प्रकार घरात असतात आणि त्यांची गल्लत फार होते. खायचा सोडा सौम्य असतो. धुण्याचा सोडा त्याहून कितीतरी तीव्र, हाताची कातडी सोलवटणारा. दोघांचंही काम तेलकटावर चालतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा तेलाच्या कणांवर काम करून त्यातल्या काहींचा चक्क साबण बनवतो, आणि तो साबण बाकीचं तेल सोडवतो. आपल्या आज्या राखेने भांडी घासत त्यामागे हीच गोष्ट होती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओलं फडकं किंवा नारळाची शेंडी त्यात बुडवली की तेल सोडवणारा क्षार आणि घासायची बारीक पूड एकदमच हाताशी येई.

तव्याला किंवा स्टीलच्या पातेल्याला दूध करपून चिकटलं असेल, तर तासभर घासत बसण्यात अर्थ नाही. पातेल्यात पाणी घालून चमचाभर सोडा टाकावा, उकळी आणावी आणि रात्रभर भिजू द्यावं. सकाळी लाकडी उलथन्याने खरवड सुटून येते. फक्त ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावायचा नाही, कारण क्षार ॲल्युमिनियमला खातो. स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या जाळ्या बरेचदा ॲल्युमिनियमच्या असतात. कुणी तरी सांगितलं म्हणून त्या सोड्याच्या कडक पाण्यात रात्रभर बुडवल्या, तर त्या काळ्या आणि खरबरीत होऊन बाहेर येतात. त्यांना गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून तुंबलेलं सिंक मोकळं करायची युक्ती हल्ली सगळीकडे दिसते. फसफस होते, डोळ्यांना ते काम झाल्यासारखं वाटतं. पण आम्ल आणि क्षार एकत्र आले की ते एकमेकांना संपवतात. मागे उरतं ते सोडियम ॲसिटेट, पाणी आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. ना तेल सोडवण्याची ताकद उरते, ना क्षाराचा थर काढण्याची. दोन्ही वापरायचेच असतील तर आधी सोडा आणि गरम पाणी ओतून तेल काढावं, भरपूर पाणी सोडावं, आणि त्यानंतर वेगळं व्हिनेगर वापरावं. एकाच वेळी दोन्ही ओतणं म्हणजे दोन्ही वस्तू वाया घालवणं आहे.

सोड्याचं एक काम मात्र मला फार सुंदर वाटतं. चांदीची निरांजनं काळी पडतात ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे; वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. रांगोळीने किंवा दात घासायच्या पावडरीने घासलं की तो थर निघतो खरा, पण त्याबरोबर दर वेळी थोडी चांदीही जाते. त्यापेक्षा स्टीलच्या पातेल्यात पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल पसरावी, त्यावर निरांजन ठेवावं, कडकडीत गरम पाणी ओतून लिटरला दोन चमचे खायचा सोडा घालावा. निरांजन फॉइलला टेकलेलं हवं. ॲल्युमिनियम गंधक स्वतःकडे ओढून घेतं आणि चांदी आपल्या जागीच राहते. काही मिनिटांत काळपटपणा उतरतो, किंचित सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि घासावं लागत नाही. मोती-खडे जडवलेले किंवा मुद्दाम काळसर केलेले ऑक्सिडाइज्ड दागिने यात घालायचे नाहीत.

हळदीचा डाग हा एक वेगळाच विषय आहे. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा शिंतोडा उडतो, आपण घाईघाईने साबण लावतो, आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो. घाबरायचं कारण नाही. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि क्षारात लाल दिसतं. साबण क्षारधर्मी, म्हणून रंग बदलला. पारंपरिक कुंकूही असंच बनतं, हळदीत क्षार मिसळून. डागावर लिंबू पिळलं तर तो परत पिवळा होईल, जाणार मात्र नाही. तो घालवायचा असेल तर कर्क्युमिनचा स्वभाव ओळखायला हवा. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि उन्हाला टिकत नाही. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने फोडणीचं तेल काढावं, कापड धुवावं आणि ओलंच कडक उन्हात वाळत घालावं. एका दिवसात डाग फिका होतो, दोन-तीन उन्हांत बहुधा नाहीसा होतो. रंगीत कापडाला हे करताना जपावं, कारण ऊन त्याचाही रंग उडवतं. पांढऱ्या सुती कापडाला मात्र हळदीवर उन्हासारखा उपाय नाही. घरात शाळकरी मूल असेल तर हळदीच्या पाण्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवाव्यात. साबण, सोडा, चुना यांत त्या लाल होतात. लिंबू, ताक, चिंच यांत पिवळ्याच राहतात. आम्ल-क्षाराचा हा धडा मूल विसरत नाही.

तेलात विरघळणाऱ्या वस्तूंना तेलानेच काढायचं, हे फणस कापणाऱ्याला शिकवावं लागत नाही. तो विळीला आणि हाताला आधी खोबरेल चोळतो, कारण फणसाचा चीक पाण्याने धुतला की अधिकच चिकटतो. ठेचा वाटताना हाताची आग होते तिथेही तेच. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्याला दाद देत नाही. हाताला आधी तेल चोळावं, मग साबणाने ते तेल धुवावं. आग पुष्कळ कमी होते. बरणीवरचं लेबल काढल्यावर मागे राहणारा चिकटा, कपाळावरच्या टिकलीचा डिंक, होळीचा पक्का रंग, सगळीकडे खोबरेलाचे चार थेंब कामाला येतात. बॉलपेनची शाई मात्र तेलापेक्षा स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने लवकर सुटते. आधी कापडाच्या आतल्या शिवणीवर एक थेंब लावून रंग जातो का ते पाहावं.

तेल आणि पाणी यांच्यात मध्यस्थी करणारा म्हणजे साबण, रिठा, शिकेकाई. रिठ्यात सॅपोनिन असतं. ते फेस करतं आणि क्षाराइतकं कडक नसतं. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत, क्षार त्यांना खातो, म्हणून रेशमी लुगडी रिठ्याच्या पाण्यात धुवायची रीत पडली. या मध्यस्थीचं शास्त्र उभं करण्यात एका गृहिणीचा मोठा वाटा आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ॲग्नेस पोकेल्स यांना त्या काळी मुलींना विद्यापीठात प्रवेश नसल्याने शिकता आलं नाही. घरी भांडी धुताना तेलाच्या आणि साबणाच्या अंशाने पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो हे त्यांनी पाहिलं, आणि पत्र्याचं उथळ भांडं, तराजू आणि साधं बटण घेऊन तो बदल मोजला. १८९१ साली त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं. रॅली यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं आणि तिथे ते त्याच वर्षी छापून आलं. त्या कामाच्या वाटेने पुढे गेलेल्या अर्व्हिंग लँगम्युअर यांना १९३२ साली नोबेल मिळालं. भांडी धुण्यात शास्त्र नसतं असं म्हणणाऱ्याला हे नाव जरूर सांगावं.

पोकेल्सबाईंनी मोजलेल्या त्याच पृष्ठताणावर डासांच्या अळ्या जगतात. अळी आणि कोष पाण्याच्या वरच्या थराला लटकून नळीतून श्वास घेतात. पाण्यात थोडा पातळ साबण पडला की पृष्ठताण कमी होतो, त्यांना वर टिकता येत नाही आणि त्या गुदमरतात. कुंड्यांखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, वापरात नसलेला कूलर इथे ओतून टाकता न येणाऱ्या पाण्यापुरता हा उपाय आहे. ओतता येत असेल तिथे आठवड्यातून एकदा भांडं कोरडं करणंच उत्तम, कारण डेंगीच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात.

माठाचं शास्त्र आपल्याला शाळेत शिकवतात, पण त्याची मर्यादा कुणी सांगत नाही. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. माठातल्या दर लिटरमागे २० ग्रॅम पाणी झिरपून उडालं, तर बाहेरची उष्णता आत आली नाही असं धरून उरलेलं पाणी ११-१२ अंशांनी थंड होऊ शकतं. मात्र हवा कोरडी हवी. नागपूर-अकोल्याकडे माठ आणि वाळ्याचा कूलर जीव वाचवतात, तर रत्नागिरीच्या दमट मे महिन्यात तोच माठ बेताचाच थंड होतो. बाहेरून ऑइलपेंटची नक्षी काढलेला माठ दिसतो छान, पण रंगाने छिद्रं बुजलेली असतात. जुना माठ थंड करत नाही, कारण पाण्यातले क्षार छिद्रांत बसलेले असतात. माठ साबणाने कधीही घासू नये; काथ्या आणि साधं पाणी बास.

धान्य टिकवण्याच्या युक्त्यांत मात्र चूक जिवावर बेतू शकते, म्हणून थोडं सविस्तर सांगायला हवं. किडीला हवा असतो ओलावा. धान्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली राहिला की बहुतेक किडींची वाढ मंदावते. उन्हाळ्यात गहू, तूरडाळ गच्चीवर खडखडीत वाळवून, पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरायची, ही आपली जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. गरम धान्य भरलं तर झाकणाखाली घाम धरतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. डाळीला किलोमागे अर्धा-एक चमचा एरंडेल चोळतात. तेलाचा पातळ थर किडीच्या अंड्यांना हवा मिळू देत नाही. रवा भाजून ठेवला की अंडी मरतात. पावसाळ्यात थोडाच रवा, बेसन आणावं आणि घट्ट डब्यात चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग बाहेर काढावं. डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर आत दव जमतं.

तांदळाला बोरिक पावडर लावण्याची पद्धत मात्र सोडून द्यायला हवी. बोरिक पावडर विष आहे, आणि दर वेळी तांदूळ नीट धुतला जाईलच याची खात्री कोण देणार? तिची जागा झुरळांच्या वाटेवर आहे. कणीक, साखर आणि बोरिक पावडर यांच्या लहान गोळ्या करून ओट्याखाली, मागच्या फटींत ठेवाव्यात, लहान मुलांचा आणि मांजराचा हात-तोंड पोहोचणार नाही अशा जागी. आणि गोदामात धान्याला लावतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात अजिबात आणू नयेत. दमट हवा लागली की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. झोपायच्या खोलीत ठेवलेल्या धान्यातल्या अशा गोळ्यांनी माणसं दगावलेली आहेत.

कपाटातल्या डांबरगोळ्यांबद्दलही एक सूचना. त्यातलं नॅफ्थलीन काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं. बाळाच्या कपड्यांत त्या कधीही ठेवू नयेत. वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवला तरी पुरतो.

घरातलं हे शास्त्र लोकांपर्यंत पोचवण्याचं काम मुंबईत कमला सोहोनी यांनी केलं. १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळवणाऱ्या या जीवरसायनशास्त्रज्ञ पुढे ग्राहकांच्या चळवळीत उतरल्या आणि सुरक्षित वस्तूंविषयी सामान्य ग्राहकासाठी लिहीत राहिल्या. आपल्या शाळांनी विज्ञानाच्या तासाला निदान एक दिवस स्वयंपाकघरात न्यावा, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी एक विनंती, आणि ती कृपया घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कोणत्याही आम्लाबरोबर मिसळू नका. टॉयलेट साफ करायच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला गेला तो हाच. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा ब्लीचबरोबर हेच करतात. न्हाणीघरात एका वेळी एकच द्रावण वापरा, खिडकी उघडी ठेवा, धुऊन झाल्यावर भरपूर पाणी टाका आणि दुसरं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरा. डोळे-नाक झोंबायला लागले, खोकला आला, तर काही पुसत-धुवत बसू नका. दार उघडून आधी बाहेर मोकळ्या हवेत या, आणि श्वास लागत असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा.